पोहण्याच्या तलावात क्लोरिन टाकताना: सोलापुरात हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

होळी झाली की सोलापुरात पोहण्याचे तलाव घासून-पुसून भरायला घेतात. होटगी रोड, विजापूर रोडकडची फार्महाऊस, जुळे सोलापुरातल्या सोसायट्या, मुलांची उन्हाळी शिबिरं घेणारे क्लब, सगळीकडे एकाच वेळी लगबग सुरू होते. पंप रूमची किल्ली बऱ्याचदा एखाद्या नव्या माणसाच्या हातात पडते. तो वॉचमन असतो, माळी असतो, नाहीतर सोसायटीचा नुकताच निवडलेला सेक्रेटरी. त्याला सांगतात, "रोज संध्याकाळी दोन मग पावडर टाकायची." कुठली पावडर, कशात कालवायची, मग कुठला वापरायचा, हे सांगायला कोणाला वेळ नसतो. हा लेख त्या माणसासाठी आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. क्लोरिनचे बहुतेक अपघात तलावाच्या पाण्यात घडत नाहीत, ते पंप रूममध्ये आणि बादलीत घडतात. क्लोरिनची भलत्याच वस्तूशी गाठ पडली की ते घडतात. ती वस्तू ॲसिड असेल, दुसऱ्या जातीचं क्लोरिन असेल, पाण्याचे चार थेंब असतील किंवा तेलकट फडकं असेल. खालचे सगळे नियम या गाठी पडू नयेत म्हणूनच आहेत.

डब्यात नक्की काय आहे, ते आधी ओळखा

सगळ्याला आपण सरसकट "क्लोरिन" म्हणतो, पण बाजारात चार वेगळ्या वस्तू मिळतात.

पहिली टीसीएल, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक गावच्या टाकीत टाकतो तीच. ताजी असताना तिच्यात साधारण ३० ते ३५ टक्के क्लोरिन असतं. स्वस्त आहे, पण चुन्याचा साका खूप राहतो आणि पोतं एकदा उघडलं की जोर झपाट्याने उतरतो.

दुसरी कॅल्शियम हायपोक्लोराइट, दाणेदार, ६५ ते ७० टक्क्यांची. दिसायला टीसीएलची बहीण, पण दुप्पट जोराची. टीसीएलच्या सवयीने हिचे दोन मग टाकले की हिशेब तिथेच चुकतो.

तिसरं टीसीसीए, पूर्ण नाव ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड. यात ९० टक्के क्लोरिन. पांढऱ्या गोळ्या किंवा पावडर मिळते, गोळ्या तरंगत्या डबीत घालून पाण्यावर सोडतात. यातून पाण्यात सायन्युरिक ॲसिडही उतरतं. ते उन्हापासून क्लोरिनचं रक्षण करतं, त्यामुळे ३० ते ५० पीपीएमपर्यंत (म्हणजे लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम) उपयोगाचंच आहे. पण ते उडून जात नाही, साठत राहतं. शंभराच्या वर गेलं की कितीही क्लोरिन टाका, पाणी हिरवं पडायचं थांबत नाही. मग थोडं पाणी काढून नवं भरणं हाच उपाय उरतो, आणि नळाला दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात तो उपाय किती जड जातो हे वेगळं सांगायला नको.

चौथं सोडियम हायपोक्लोराइट, निळ्या कॅनमधलं पिवळसर पाणी, १० ते १२ टक्क्यांचं. लोक याला "हायपो" म्हणतात. सोलापूर हे कापडाचं गाव, आणि रंगकामात हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, म्हणजे नेमका क्लोरिन मारणारा पदार्थ, असाही अर्थ चालतो. म्हणून दुकानात पूर्ण नाव सांगा आणि लेबल वाचूनच कॅन उचला. लेबल नसलेला सुटा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

मोठ्या तलावांवर क्लोरिन वायूचे सिलिंडर असतात. ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे, नवख्याने त्याच्या व्हॉल्व्हला हातसुद्धा लावायचा नाही.

कशाची कशाशी गाठ पडू द्यायची नाही

हा भाग घाईने वाचू नका.

टीसीएल, कॅल्शियम हायपो किंवा कॅनमधलं हायपो यांतल्या कशातही ॲसिड पडलं की क्लोरिन वायू सुटतो. आणि ॲसिड म्हणजे फक्त मीठाचं तेजाब किंवा संडास धुण्याचं ॲसिड नव्हे. पाणी निवळायला टाकतो ती तुरटीसुद्धा पाण्यात आम्लधर्मीच असते. "एकाच बादलीत दोन्ही कालवून टाकू, एक खेप वाचेल" असं म्हणून तुरटी आणि टीसीएल एकत्र केली की त्या बादलीवर वाकलेल्या माणसाचा श्वास कोंडतो.

टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो कोरडे असोत वा ओले, एकत्र आले की तापतात, वायू सोडतात, पेट घेऊ शकतात. त्यातून नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊ शकतं, आणि ते स्फोटक आहे. दोन्हींना "क्लोरिन" म्हणत असल्यामुळे ही चूक सगळ्यात सहज होते. दोन डब्यांत तळाशी थोडं-थोडं उरलेलं असतं, आणि "एकातच ओतून ठेवू" असा नीटनेटका विचार मनात येतो. तो करू नका. ज्या डबीत टीसीसीएच्या गोळ्या होत्या तिच्यात दुसरं कुठलंही क्लोरिन घालू नका. स्किमरच्या, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या काठावरच्या तोंडाच्या, जाळीत गोळी ठेवली असेल तर त्या स्किमरमध्ये पावडरचं पाणी ओतू नका. दोन्हींसाठी एकच मग नको, धुतलेला असला तरी नको.

अमोनिया असलेली फरशी धुण्याची औषधं, युरिया आणि इतर खतं, फिनेल, डिझेल, पेंट, पंपाचं ऑइल, यांतलं काहीच क्लोरिनच्या खोलीत नको. फार्महाऊसवर पंप रूम हीच खताची खोली असते, तिथे हे विशेष जपा. युरियाचं पोतं आणि क्लोरिनचा ड्रम एका छताखाली ठेवूच नये.

आणि आपला टॉवेल. सोलापुरात काम करणाऱ्याच्या खांद्यावर टॉवेल असतोच. सांडलेली पावडर त्यानेच पुसली जाते, मग तो दोरीवर नाहीतर पंपावर वाळत पडतो. क्लोरिनची पावडर बसलेलं सुती कापड उन्हात तापून पेट घेऊ शकतं. सांडलेली पावडर कोरड्या प्लास्टिकच्या सुपलीने उचला, ती मूळ ड्रममध्ये परत टाकू नका आणि कचऱ्याच्या डब्यातही नको. बादलीभर पाण्यात थोडी-थोडी विरघळवून तलावातच वापरून टाका. तिच्यात माती किंवा दुसरं काही मिसळलं असेल, तर तिला हात न लावता माल देणाऱ्याला विचारा.

खोली

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ वर सहज जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून कितीतरी वर. त्या उष्णतेत कॅनमधलं हायपो महिन्याभरात निम्म्या जोरावर येऊ शकतं. दर १० अंशांमागे त्याचा ऱ्हास तिपटीहून वेगाने होतो. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि कॅन फुगतो. फुगलेल्या कॅनचं झाकण एकदम उघडू नका. फडकं न लावता, हातमोजे घालून पाव वेढा फिरवा, फुस्स आवाज जाऊ द्या, मग पुढे उघडा. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांपुरताच माल आणा.

पावडरला सावली, कोरडी जागा आणि जमिनीपासून वीतभर उंच प्लास्टिकची फळी हवी. क्लोरिन एका कोपऱ्यात, ॲसिड शक्यतो वेगळ्याच खोलीत. ते जमत नसेल तर समोरच्या टोकाला, मध्ये भिंत आणि खाली वेगळी परात. पातळ वस्तू कधीही पावडरच्या वरच्या फळीवर ठेवू नका, गळली की सरळ ड्रममध्ये जाते. वर आणि खाली, दोन्हीकडे हवा खेळायला झरोके हवेत.

डब्यांवर मोठ्या अक्षरात नावं लिहा. इथे एकाच तलावावर मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे कामगार असतात, म्हणून नुसतं इंग्रजी लेबल पुरत नाही. रंग ठरवा: ॲसिडची बादली आणि मग लाल, क्लोरिनचं सगळं निळं. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं.

माल आणतानाही तोच नियम. स्कूटीच्या पायाशी ॲसिडचा कॅन आणि हुकला पावडरची पिशवी, असं आणू नका. दोन खेपा करा.

किती टाकायचं

तलावाचं पाणी लिटरमध्ये माहीत नसेल तर "दोन मग" याला काही अर्थ नाही. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटात मोजा, गुणाकार करा, त्याला २८.३ ने गुणा. ३० फूट लांब, १५ फूट रुंद, सरासरी ४ फूट खोल तलाव म्हणजे १८०० घनफूट, साधारण ५१ हजार लिटर. एक पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. या तलावात क्लोरिन २ पीपीएमने वाढवायचं तर शुद्ध क्लोरिन साधारण १०२ ग्रॅम लागतं. त्यासाठी ६५ टक्क्यांची पावडर सुमारे १५५ ग्रॅम, ९० टक्क्यांचं टीसीसीए ११५ ग्रॅमच्या आसपास, ताजी टीसीएल ३०० ग्रॅमच्या थोडी वर किंवा १० टक्क्यांचं हायपो एक लिटर. एकाच कामासाठी ११५ ग्रॅमही आणि ३०० ग्रॅमही! म्हणून छोटा वजनकाटा घ्या आणि मगाने मोजायचं सोडा.

टाकण्याआधी पाणी तपासा. मोकळं, म्हणजे अजून कशाशी बांधलं न गेलेलं, क्लोरिन १ ते ३ पीपीएम आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा क्षारधर्मी ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. पीएच आधी बघा. पीएच ७.४ असेल तर पाण्यातल्या मोकळ्या क्लोरिनपैकी निम्म्याहून जास्त कामाच्या रूपात असतं, ८ झाला की जेमतेम पाव. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, टँकरही बहुधा बोअरचाच, त्यामुळे पीएच वर सरकत राहतो. तो न बघता लोक क्लोरिन वाढवत बसतात.

तपासणीचे दोन किट मिळतात. थेंब टाकल्यावर पिवळं होणारं ओटी किट एकूण क्लोरिन दाखवतं, त्यातलं किती मोकळं आणि किती घामा-लघवीशी बांधलं गेलंय ते सांगत नाही. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट मोकळं क्लोरिन वेगळं दाखवतं, थोडं महाग पडलं तरी तेच घ्या. मात्र क्लोरिन फार जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि नळी पांढरी दिसते. तिला "क्लोरिन शून्य" समजून आणखी टाकू नका. नमुन्यात साधं पाणी मिसळून पुन्हा बघा. नळीतलं पाणी तलावात परत ओतायचं नाही.

डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो, म्हणजे क्लोरिन जास्त झालं, असं सगळे समजतात. बहुतेक वेळा उलट असतं. तो वास बांधल्या गेलेल्या क्लोरिनचा, क्लोरामाइनचा असतो आणि मोकळं क्लोरिन कमी पडतंय असं सांगतो. वासावरून टाकणं बंद करू नका, तपासून ठरवा.

प्रत्यक्ष टाकताना

वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर आणि पोहणारे सगळे बाहेर आल्यावर. आपल्या उन्हात टीसीसीएचा आधार नसलेलं क्लोरिन दोन तासांत बहुतेक उडून जातं, सकाळी टाकलेलं दुपारी सापडत नाही. पंप चालू असला पाहिजे.

अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात गमबूट, हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, डोळ्यांवर बाजूनेही बंद असलेला गॉगल. पावडरची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा, पण कापडी मास्क, एन-९५ किंवा ओला टॉवेल यांतलं काहीही क्लोरिन वायू अडवत नाही. त्यासाठी क्लोरिनचं कार्ट्रिज असलेला वेगळा मास्क येतो. नाकावर टॉवेल बांधलाय म्हणून वायूत शिरण्याचं धाडस करू नका.

ड्रम खोलीच्या बाहेर, उघड्यावर आणा. वारा पाठीशी घ्या. झाकण हात लांब करून, तोंड बाजूला वळवून उघडा आणि मिनिटभर तसंच राहू द्या. आत डोकावू नका. पावडर मोकळी, कोरडी असली पाहिजे. गठ्ठे झाले असतील, ड्रम बाहेरून गरम लागत असेल किंवा झाकण उघडताच धूर दिसला, तर त्यातलं काहीही वापरायचं नाही. मागे सरा. गठ्ठे फोडायला लोखंडी सळई तर मुळीच नको.

प्लास्टिकची स्वच्छ बादली आधी तीन चतुर्थांश पाण्याने भरा. मग पावडर थोडी-थोडी त्या पाण्यात सोडा. आधी पावडर आणि वरून पाणी, असं कधीच करायचं नाही. पावडरवर थोडंसं पाणी पडलं की ती जागीच तापते, उसळते आणि थेट तोंडावर येते. १० लिटरच्या बादलीत २०० ग्रॅमच्या वर नको. प्लास्टिकच्या दांड्याने हळू ढवळा आणि १०-१५ मिनिटं थांबा. खाली पांढरा साका बसेल, वर निवळी येईल. निवळी तलावाच्या काठाने चालत, वारा पाठीशी ठेवून, पाण्याजवळ धरून ओता. पाणी तलावात परत येतं त्या जेटच्या बाजूला ओतलं की लवकर पसरतं. साका भरपूर पाण्याने पातळ करून टाका, पण ॲसिड जातं त्या गटारात नाही.

टीसीसीए मात्र बादलीत कालवायचं नाही. त्याच्या गोळ्या तरंगत्या डबीतच. कोरडी पडून उन्हात राहिलेली डबी उघडताना तोंड लांब ठेवा, आत वायू साठलेला असतो.

ॲसिड टाकून पीएच उतरवायचा असेल तर ते वेगळं काम समजा. वेगळी बादली, तलावाचं दुसरं टोक, आणि पंप चालू ठेवून मध्ये किमान दोन-तीन तास. तिथेही ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही. पोहणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तपासूनच सोडा. क्लोरिन ३ च्या वर असेल तर थांबवा, पालक कितीही घाई करोत.

लाइट गेल्यावर

याची सूचना मी कुठल्याच पंप रूममध्ये लावलेली पाहिली नाही, आणि हीच मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. काही तलावांवर क्लोरिन आणि ॲसिड सोडणारे दोन छोटे डोसिंग पंप असतात. ते इन्व्हर्टरवर जोडलेले असतील आणि लाइट गेल्यावर मोठा पंप बंद पडला, तर पाइपमध्ये पाणी वाहत नाही, पण दोन्ही रसायनं आत येत राहतात. ती पाइपमध्येच एकत्र होतात आणि वायू साठतो. लाइट आली, मोठा पंप सुरू झाला की तो सगळा वायू एका झटक्यात जेटमधून बाहेर पडतो, आणि जेटजवळ बहुधा लहान मुलं असतात.

इलेक्ट्रिशियनला सांगून डोसिंग पंप मोठ्या पंपाशी असे जोडून घ्या की मोठा थांबला, पाणी वाहायचं थांबलं, की तेही थांबतील. फिल्टरचा बॅकवॉश करताना, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुतानाही, ते बंद हवेत. आणि लाइट जाऊन आली की आधी सगळ्यांना पाण्याबाहेर काढा, पंप सुरू करा, पाच-दहा मिनिटं वाट बघा, मगच परत सोडा.

वायू सुटलाच तर

पळा. झाकण लावायला, पंप बंद करायला, मोबाइल घ्यायला मागे फिरू नका. क्लोरिन वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, तो खालीच साठतो. आपल्याकडे पंप रूम बऱ्याचदा जमिनीखाली, चार पायऱ्या उतरून असते. तिथे तो खड्ड्यातल्या पाण्यासारखा भरून राहतो. म्हणून वर या आणि वारा जिकडून येतोय तिकडे जा. आत कोणी पडला असेल तर साध्या माणसाने आत उतरायचं नाही. १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा, १०८ वर ॲम्ब्युलन्स मागवा आणि रसायनाचं नाव सांगा.

डोळ्यांत गेलं असेल तर साध्या वाहत्या पाण्याने १५-२० मिनिटं धुवा, पापण्या उघड्या धरून. कपड्यांवर पडलं असेल तर कपडे काढून अंगावर पाणी ओता. लिंबू, दूध, सोडा, काहीही लावायचं-पाजायचं नाही. खोकला थांबला, बरं वाटतंय, असं म्हणून घरी जाऊ नका. फुप्फुसांना झालेला त्रास काही तासांनी वाढू शकतो, त्यामुळे सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात दाखवाच आणि डब्याच्या लेबलचा फोटो सोबत न्या. दम्याच्या माणसाला तर आधी न्या.

ड्रममधून धूर येत असेल तर भिंतीवरचा लाल, कोरड्या पावडरचा सिलिंडर त्यावर मारू नका. त्यातल्या अमोनियम संयुगाची क्लोरिनशी धोकादायक क्रिया होते. ओलं पोतंही टाकू नका. लांब व्हा आणि अग्निशमन दलाची वाट बघा.

रिकामे कॅन आणि ड्रम

रिकामा निळा कॅन फेकायला कोणालाही जिवावर येतं. तो मजबूत असतो, झाकण घट्ट बसतं, आणि घरी पाणी साठवायला भांडं हवंच असतं. तरी तो घरी नेऊ नका, कामावरच्या मावशींनी मागितला तरी देऊ नका. पिण्याच्या पाण्याला तर नाहीच, धान्याला किंवा डिझेललाही नाही. हायपोचा कॅन आणि पावडरचा ड्रम तीनदा पाण्याने विसळा. ते पाणी तलावात जाऊ द्या. टीसीसीएचा डबा त्याच जागी, त्याच पाण्याने विसळू नका, तो वेगळा. ॲसिडचा कॅन तर वेगळ्याच दिवशी. मग लेबल फाडा, बुडाला दोन भोकं पाडा आणि माल देणाऱ्याला परत करा किंवा भंगारात द्या. देताना आत काय होतं ते भंगारवाल्याला तोंडी सांगा.